चार दिवसांपुरता जोड

शालनचं रक्षाविसर्जन करून माणसं घरी परतली, दुपार कशीबशी टळली, आणि संध्याकाळी बरोबर सात वाजता जोतीराम कुंभारच्या खिशातला फोन मोठ्या आनंदानं वाजला. तो रोजच आनंदानं वाजायचा. कंपनीतल्या कुणा हौशी माणसानं त्यात लग्नाच्या वाजंत्रीसारखी धून घालून ठेवली होती. सोप्यात बसलेल्या पाहुण्यांनी माना वळवून बघितलं. जोतीरामनं सवयीनं फोन काढला आणि सवयीनं बघितला. हिरवा दिवा होता. खाली लिहिलं होतं, ‘शालन जोतीराम कुंभार. कालची गोळी घेतली. सर्व ठीक.’

त्यानं ते दोनदा वाचलं. मग फोन शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडे, हणमंताकडे दिला.

“पाइपात राह्यलं आसंल जुनं काय तरी, दाजी,” हणमंत म्हणाला. “मशिनच ते. कोण गेलं अन् कोण राह्यलं, त्याला काय कळतंय?”

दुसऱ्या कुणाची एवढ्यावर समजूत पटली असती. पण जयसिंगपूरच्या निम्म्या गल्ल्यांतल्या घरांच्या ड्रेनेज लाइनी जोतीरामनं स्वतःच्या हातानं टाकल्या होत्या. चाळीस फुटांना एक फूट उतार म्हणजे एक फूट. त्यात तो बोटभर इकडेतिकडे होऊ द्यायचा नाही. त्याच्या लाइनीत पाणी तासभर थांबत नाही. चार-पाच दिवस मुक्काम करायला ते काही पाहुणे नव्हे. तो उठला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि अनवाणीच अंगणात गेला.

आता हे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी गावात गांडूळ आलं. खरं नाव लांबलचक आहे, पण ते कंपनीच्या माणसांनाही एका दमात घेता येत नाही. हातभर लांब, रबरासारखं मऊ, अंगावर वळ्यावळ्यांनी राठ केस. एक वळं फुगतं, पुढचं आक्रसतं, असं करत ते घराच्या चार इंची पाइपात वरखाली फिरत राहतं. त्याला बॅटरी लागत नाही. त्याच्या पोटाशी जिवाणूंचा थर असतो. घाण पचवताना हे जिवाणू थोडी थोडी वीज सोडतात आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. पाइपाला चिकटलेलं तेल ते खरवडतं, सांध्यातून आत शिरलेली झाडाची मुळी कोवळी असतानाच कुरतडतं. गांडूळ आल्यापासून लाइन तुंबणं जवळजवळ बंद झालं, आणि माणसानं चेंबरात उतरणं तर पूर्णच. जोतीरामचा जोडीदार शिवाप्पा ऐन पंचविशीत असाच एका चेंबरात उतरला होता आणि वर आला नव्हता. त्यामुळे पहिलं गांडूळ पाइपात सोडताना जोतीरामनं त्याला नारळ फोडला, हात जोडले. लोक हसले. हसू देत.

पुढे कुठे काय साचणार आहे हे आधी कळावं म्हणून गांडुळाला चव दिली होती. पाण्यात तेल किती, साबण किती, हे ते चाखून सांगायचं. चव आली म्हटल्यावर डॉक्टर मंडळी पुढे सरसावली. तेल कळतं, तर औषध का कळू नये? आपण गोळी गिळली की यकृत तिचे तुकडे करतं आणि ते तुकडे लघवीतून बाहेर पडतात. गोळी न गिळता मोरीत टाकली तर पाण्यात आख्खं औषध सापडतं. हा आख्ख्याचा आणि तुकड्यांचा फरक गांडुळाला चांगला कळतो. कळत नाही ते एवढंच, की तुकडे कुणाच्या अंगातून आले. त्यासाठी घराची नोंद असते. या घरात हे औषध कोण घेतं? शालन. तुकडे सापडले? मग शालननं गोळी घेतली. म्हणूनच एका घराच्या लाइनीला दुसरं घर जोडलं तर त्याच दिवशी नोंद करायची, असा सक्त नियम होता. नव्या प्लंबरांना हा नियम शिकवायचं काम गावात जोतीरामकडे होतं.

शालनच्या काळजात धातूची झडप होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात मूळची झडप खराब झाली आणि सात वर्षांपूर्वी मिरजेला ती बदलली. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते, तेव्हा जोतीराम म्हणाला, “म्हंजी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच की. फुडं जाऊ देतंय, माघारी न्हाई.” डॉक्टर हसले, पण म्हणणं बरोबर होतं. धातूवर रक्ताचा साका धरतो. साका धरला की लाइन बंद. म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गुलाबी गोळी तिला रोज, जन्मभर घ्यायची होती.

पहिली तीन वर्षं ही गोळी जोतीरामनं तिला स्वतःच्या हातानं दिली. जेवणं झाली की तो तांब्या भरून आणायचा, गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, “घे गं.” ती म्हणायची, “घेते की. पळून चाललीया व्हय मी?” तो ती गिळेपर्यंत समोर बसायचा. दिवसभरात दोघांचं काही बोलणं झालं नसलं तरी एवढं व्हायचंच. मग गांडूळ आलं, फोनवर हिरवा दिवा आला आणि तांब्या भरून आणायची गरज उरली नाही. कामाच्या गडबडीत त्याला ते बरंच वाटलं. तिला कसं वाटलं, हे त्यानं विचारलं नाही.

लाइनीच्या बाबतीत मात्र शालनसारखी बाई गावात नव्हती. तळणीची कढई ती आधी रद्दी कागदानं पुसायची, मग घासायची. चहाचा चोथा गुलाबाला. फणीतले केस कागदाच्या पुडीत. वापरात नसलेल्या मागच्या न्हाणीत दर शनिवारी तांब्याभर पाणी ओतायची, म्हणजे खालच्या ट्रॅपमधलं पाणी आटून घरात वास येत नाही. जोतीराम लोकांना घरोघर जे सांगत फिरायचा आणि जे कुणी ऐकायचं नाही, ते सगळं ही एकटी ऐकायची.

गेल्या वर्षी संक्रांतीला तिनं हळदीकुंकू ठेवलं. लाडू, वाण, बोलावणी या धावपळीत लागोपाठ दोन दिवस गोळी राहिली. जोतीराम तिसऱ्या गल्लीत काम करत होता, तिथं त्याच्या फोनवरचा दिवा तांबडा झाला. तसाच चिखलाच्या पायांनी तो घरी आला आणि वीसेक बायकांनी भरलेल्या सोप्यात उभा राहून ओरडला, “दोन दिस गोळी न्हाई घेतलीस तू! लघवीत काय सुदीक न्हाई!”

प्लंबराला त्या शब्दाचं काही वाटत नाही. उभा जन्म त्यातच गेलेला. पण बायकांनी तोंडाला पदर लावले, दोघीतिघी फिदीफिदी हसल्या आणि शालनचा हात कुंकवाच्या करंड्यात तसाच राहिला. सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, “एवढी काळजी हुती तर कानात इचारायचं हुतं.”

“इचारून काय उपेग? तू खोटं बोलशील,” तो म्हणाला. “मशिन खोटं बोलत न्हाई.”

हे तो थट्टेत म्हणाला होता, निदान अर्धं तरी. ती करंडा उचलून आत गेली. त्या दिवसापासून गोळी वेळेवर जाऊ लागली आणि विषय संपला, असं त्याला वाटलं.

भाद्रपदात माडीवरची लाइन तुंबली. माडीवर त्याची थोरली भावजय राहायची, आनंदीवहिनी. भाऊ वारल्यापासून ती एकटीच होती, मुलगा पुण्याला. तिची लाइन घराच्या मागून जायची, जुनी, चिनी मातीची, गांडूळ नसलेली. मागं औदुंबर होता. त्याच्या मुळांनी पाइप फोडून आत घर केलं होतं. जोतीराम कुऱ्हाड घेऊन गेला तर वहिनी आडवी आली. “दत्ताचं झाड हाय, भाऊजी. दत्तजयंती हुंदे, निवद दावू, मग तोडा मुळी.” औदुंबरावर कुऱ्हाड चालवायची जोतीरामचीही छाती नव्हती. त्यानं चार इंची पाइप घेतला, माडीची लाइन घराच्या पुढं वळवली आणि आपल्याच चेंबरात सोडली.

“नोंद केलासा काय?” शालननं विचारलं. तिला नियम पाठ होते.

“चार दिवसांपुरता जोड हाय,” तो म्हणाला. “घरच्या कामाची कसली आलीया नोंद!”

दत्तजयंती झाली, नैवेद्यही दाखवून झाला. गिऱ्हाइकाच्या घरी त्यानं असं अर्धवट काम एक दिवस राहू दिलं नसतं, पण स्वतःच्या घरचं काम असं नेहमीच पुढं जातं. मधल्या काळात कार्तिकात आनंदीवहिनीचा पाय सुजला होता, दवाखाना झाला होता आणि तिलाही कसलीशी पांढरी गोळी सुरू झाली होती. पायाची गोळी, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं.

फाल्गुनात एका सकाळी भाकरी थापता थापता शालनचा उजवा हात थांबला. तोंड वाकडं झालं. मिरजेला नेईपर्यंत तिची वाचा गेली होती. झडपेवर साका धरला होता आणि त्यातलाच एक तुकडा मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रोज घेत होत्या ना?” जोतीरामनं फोन पुढं केला. चारशेच्या वर हिरवे दिवे, ओळीनं. “एक दिस चुकली न्हाई, सायेब,” तो म्हणाला, आणि त्या तसल्या वेळीही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. रक्त तर पातळ दिसत नाही, म्हणाले. एखाद्याच्या अंगाला गोळी लागू पडत नाही. जोतीरामनं फोन बंद करून खिशात ठेवला, तो पुन्हा रक्षाविसर्जनानंतरच चालू केला. दोन दिवस शालन डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

अंगणात जोतीरामनं पहार घालून चेंबरचं झाकण उचललं. हणमंत कंदिलासारखा फोनचा उजेड धरून उभा होता. चेंबरात दोन तोंडं होती. एक घराचं, त्या घटकेला कोरडं. सुतकाच्या घरात संध्याकाळच्या भांड्यांना अजून कुणी हात लावला नव्हता. दुसरं त्याच्याच हातचं, चार दिवसांपुरतं. त्यातून बारीक पाण्याची धार येत होती. माडीवर आनंदीवहिनी हातपाय धूत होती.

झाकण तसंच टाकून तो जिना चढला.

“वहिनी, तुमची पायाची गोळी दावा.”

तिनं निमूट पाकीट आणून दिलं. वरचं नाव वेगळं होतं, कंपनी वेगळी, रंग वेगळा. त्यानं चष्मा पुसला आणि खालची बारीक अक्षरं वाचली. औषध तेच होतं. शालनचं होतं तेच. आणि मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, रक्त तर पातळ दिसत नाही.

“शालन गोळी घेत नव्हती,” तो म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, त्यामुळे वहिनीला नाकारताही आलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

“पौषापास्नं,” ती म्हणाली. “दात घासाया लागली की हिरड्यांतनं रगात यायचं. अंगावर काळंनिळं डाग पडायचं. भ्याली हुती ती, भाऊजी.”

“मग मला सांगायचं!”

“सांगणारच हुती की. पयल्या दिवशी गोळी सोडली तवा मला म्हणली, ‘आक्का, आता बघा, सांजंला येत्यात का न्हाई वरडत.’ म्हणली, ‘वरडू देत. वरडून झालं की इचारतील, का सोडलीस. मग सांगते.’ तुमची वाट बघत च्या टाकून बसली हुती.”

जोतीरामला त्या संध्याकाळचं काहीच आठवेना. हजार संध्याकाळींसारखी ती एक असणार.

“तुमी आलासा,” वहिनी म्हणाली. “फोन बघितलासा, च्या पिलासा, अन् बाहीर जाऊन बसलासा.”

“हिरवा दिवा हुता, वहिनी,” तो म्हणाला. “तुमच्या गोळीचा.”

हे वहिनीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तिनं पदर तोंडात कोंबला. मग ती म्हणाली, “आठ दिस झालं, पंधरा दिस झालं. मी म्हणलं, अगं, सांग त्यास्नी. तर म्हणली, ‘त्यास्नी काय सांगायचं? त्यास्नी समदं दिसतंय. दिसून गप हाईत, म्हंजी कटाळलं आसतील माझ्या दुखण्याला. चालंल तेवढं चालंल.’”

“तुमी तरी बोलायचं हुतंसा!”

“मला वाटलं, तुमास्नी ठावंच हाय,” वहिनी म्हणाली. “तुमच्या फोनात दिसतंय की समदं.”

जोतीराम जिन्यात बसला आणि मोठ्यानं रडला. स्मशानात तो रडला नव्हता. तिथं त्याचं एवढंच म्हणणं होतं की माणसाच्या हातात होतं ते सगळं केलं, पुढं देवाची मर्जी. आता तेही राहिलं नाही. दोन महिने ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून विचारलं जायची वाट बघत होती. तो रोज फोन बघून समाधानानं मान डोलवत होता. ती डोलणारी मान तिनं बघितली असणार. तिचा काय अर्थ तिनं लावला असेल, हे त्याला आता नीट कळत होतं.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले. पिठाचा डबा काढताना त्याला डब्यामागं कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला पुडा सापडला. वर शालनच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘औषध. मोरीत टाकू नये.’

आत गुलाबी गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती.

तो पुडा मांडीवर घेऊन तो तिथंच पिठाच्या डब्याशेजारी बसला. गोळ्या तिनं मोरीत टाकल्या असत्या तर! एक जरी टाकली असती तर पाण्यात आख्खं औषध उतरलं असतं, आणि गांडुळानं त्याच मिनिटाला फोनमधून बोंब मारली असती. ज्याला फसवायचंय तो तेच करतो. शालनला कुणाला फसवायचं नव्हतं. औषध मोरीत टाकायचं नसतं, लाइनीतले चांगले जिवाणू मरतात, हे जोतीराम गावभर सांगत फिरायचा, आणि जे गावानं कधी ऐकलं नाही ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आनंदीवहिनीच हातात कुऱ्हाड घेऊन खाली आली. “तोडा ती मुळी,” म्हणाली. “दत्ताचं काय आसंल ते मी बघते.” दोन दिवस खपून जोतीरामनं मागची लाइन मोकळी केली, फुटलेला पाइप बदलला, माडीचं पाणी होतं तिकडं वळवलं. मग पुढच्या चेंबरात वरूनच वाकून त्यानं चार दिवसांपुरता जोड करवतीनं कापला आणि ते तोंड पक्कं बुजवलं. वहिनीच्या लाइनीत वेगळं गांडूळ सोडलं. नोंद त्याच दिवशी केली.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला तो वेगळ्या आवाजात. तांबडा दिवा. ‘शालन जोतीराम कुंभार. कालची गोळी घेतलेली नाही.’ आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती हिरव्या दिव्याखालीही रोज असायची. त्यानं इतक्या वर्षांत कधी वाचली नव्हती. ‘खात्रीसाठी कृपया घरात विचारा.’

मृत्यूचा दाखला आणून दिला की नाव नोंदीतून निघतं. कंपनीच्या ऑफिसातल्या बाई दोनदा फोन करून म्हणाल्या, “काका, दाखला द्या की, उगाच रोज त्रास होतोय तुम्हाला.” दाखला त्याच्या कपाटात आहे. देतो म्हणतो, आणि देत नाही.

आता रोज संध्याकाळी आधी तो माडीवर जातो. गोळी वहिनीच्या हातावर ठेवतो आणि ती गिळेपर्यंत समोर बसतो. मग खाली येतो. सात वाजतात, दिवा तांबडा होतो. तो फोन पालथा ठेवतो, तांब्या भरून आणतो, भिंतीशी जिथं ती जेवून बसायची तिथं समोर मांडी घालतो.

“शालन,” तो हळूच, कानात विचारल्यासारखं विचारतो, “गोळी घेतलीस काय गं?”

आणि मग, कुणी सांगायला लागलं तर ऐकू यावं म्हणून, बराच वेळ काही बोलत नाही.